त्यांनी पळून कुठे जायचं होतं?

‘ही मुलं पळून का जात नाहीत?’ काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी २००५मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून वाचक तिच्यावर हा आक्षेप सतत घेत आले आहेत. इंग्रजीतल्या काही समीक्षकांनी तो घेतला, आणि आपल्याकडेही या पुस्तकावर बोलणं निघालं की कोणीतरी तो घेतंच. सूर बहुधा वैतागाचा असतो. इतकी समजदार, शिकलेली, इंग्लंडभर मोकळेपणाने हिंडणारी ही तरुण माणसं. आपलं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक आहे. मग एकाने तरी रातोरात देश सोडायला नको होता का? लेखकाला हे सुचलं नाही, किंवा सुचूनही त्याने सोयीने टाळलं, असा निकाल देऊन पुस्तक मिटलं जातं.

कादंबरीतला काळ विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. हेलशॅम नावाच्या निवासी शाळेत वाढलेली ही मुलं क्लोन आहेत. कोणा दुसऱ्या माणसांची जैविक नक्कल म्हणून त्यांना जन्माला घातलं आहे, आणि तेही त्यांचे अवयव काढून घेण्यासाठी. मोठी झाल्यावर काही वर्षं ती आपल्यासारख्याच इतरांची शुश्रूषा करतात, मग त्यांची स्वतःची पाळी येते. तिसऱ्या, फार तर चौथ्या शस्त्रक्रियेनंतर आयुष्य संपतं. गोष्ट सांगणारी कॅथी एकतीस वर्षांची आहे. ती स्वतः गाडी चालवत एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाते. वाटेत पहारा नाही, कुंपण नाही, अंगात बसवलेलं कसलं यंत्र नाही. तरीही ती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी पोहोचते.

त्याच २००५ साली ‘द आयलंड’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला. विषय तोच, अवयवांसाठी पाळलेले क्लोन. त्यातले नायक-नायिका मात्र पळतात, गाड्या उडतात, गोळ्या सुटतात आणि शेवटी सगळे क्लोन उन्हात मोकळे उभे राहतात. इशिगुरोंकडून अनेकांना हेच हवं होतं. इशिगुरोंनी मुलाखतींतून सांगितलं आहे की त्यांना बंडाची गोष्ट लिहायचीच नव्हती. माणसं आपलं नशीब कसं मान्य करतात याचं त्यांना कुतूहल होतं. हे कळल्यावरही आक्षेप मागे घेतला जात नाही.

हा आक्षेप चुकीचा आहे असं मला वाटतं, आणि तो एका पुस्तकापुरता नाही. जनुकांशी खेळणाऱ्या भयकारी भविष्याच्या कथा आपण ज्या सवयीने वाचतो, तिच्यातच तो रुजलेला आहे. या कथा वाचून आपण घाबरतो खरे, पण ती भीती प्रयोगशाळेत आणि उद्यावर नेऊन ठेवतो. तिथे ती ठेवली की आज आणि आपल्या घरात जे चाललं आहे ते भीतीच्या कक्षेतून सुटतं. या सवयीचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं, कारण तिची किंमत पुस्तकाबाहेरच्या माणसांनी मोजली आहे.

आधी कादंबरीचं. पळून जायला बाहेर कुठेतरी जागा असावी लागते, आणि ती जागा आपल्यासाठी आहे असं मनाला वाटावं लागतं. हेलशॅमच्या मुलांकडून हे वाटणंच काढून घेतलेलं आहे. त्यांच्यापासून सत्य पूर्णपणे लपवलेलं नाही. कॅथीचा शाळेतला मित्र टॉमी म्हणतो की आपल्याला प्रत्येक गोष्ट समजण्याच्या वयाच्या जरा आधीच सांगितली गेली, त्यामुळे ती डोक्यात शिरली पण धक्का बसला नाही. मिस लूसी नावाची एक शिक्षिका सगळं स्पष्ट शब्दांत सांगू पाहते, आणि तिला शाळा सोडावी लागते. मुलांना चित्रं काढायला शिकवतात, कविता करायला लावतात, तब्येतीची काळजी घेतात. पुढे कॅथी आणि टॉमी एका अफवेच्या मागे लागतात: दोघांचं एकमेकांवर खरं प्रेम आहे असं सिद्ध करता आलं, तर म्हणे तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. माणसं मनातून कुठवर खचलेली आहेत हे या मागणीवरून कळतं. सुटका मागण्याची कल्पनाही त्यांना शिवत नाही. साहेबांच्या दारी जाऊन, पुरावे दाखवून, सवलत मागायची. आणि तशी सवलत कधी नव्हतीच. आपल्या आयुष्यात कधी कोणत्या कचेरीत अर्ज घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे दृश्य अशक्य वाटू नये.

‘पळून का जात नाहीत’ असं विचारणाऱ्यांना मला हेच विचारायचं आहे: न पळालेली माणसं आपण पाहिलीच नाहीत का?

ऐंशीच्या दशकातली मुंबई घ्या. गर्भजल चाचणी भारतात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आली ती गर्भातली जनुकीय व्यंगं ओळखण्यासाठी. त्या पाण्यातल्या पेशींवरून मुलगा की मुलगी हेही कळतं, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी ती करायला मनाई झाली, तेव्हा ती खासगी दवाखान्यांत गेली आणि तिथे फोफावली. आज थोडा खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांतून लागल्या. कोणत्याही हुकूमशहाने आज्ञा काढली नव्हती. दवाखान्याच्या दाराशी शिपाई बसत असेल तो नंबर लावायला. बायका आपल्या पायांनी आल्या, कोणी सासूबरोबर, कोणी नवऱ्याबरोबर. त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. दोन मुलींवर तिसरीही मुलगीच झाली तर घरात आपलं काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पळून कुठे जायचं होतं? ज्या माहेरी जायचं तिथलं गणित वेगळं नव्हतं.

याच वर्षांत मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ धर्मा कुमार यांनी १९८३मध्ये असा युक्तिवाद केला की मुली कमी झाल्या तर मागणी-पुरवठ्याच्या न्यायाने स्त्रियांचं मोल वाढेल. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी तो खोडून काढला: स्त्रिया दुर्मीळ झाल्या की त्यांच्यावरची हिंसा आणि सक्ती वाढते, त्यांचा मान वाढत नाही. मला हा वाद कोणत्याही भविष्यकथेपेक्षा अधिक हादरवून टाकणारा वाटतो. माणसांच्या निवडीची गोष्ट त्यात संशोधनपत्रिकेच्या शांत, सभ्य भाषेत चालली आहे, आणि ती चालू असताना चाचण्या होत आहेत.

त्याच शहरात ६ ऑगस्ट १९८६ रोजी महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. शरीराबाहेर फलन करून जन्मलेलं, शास्त्रीय नोंदींसह मान्य झालेलं ते देशातलं पहिलं मूल. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे शब्दच ऐकून अनेकांना काहीतरी अघटित घडल्यासारखं वाटलं होतं. १९७८मध्ये इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली तेव्हाही जगभर ऑल्डस हक्स्लींच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीची आठवण काढली गेली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला फार वाटतं. एका दवाखान्यात एका जोडप्याला हवी असलेली मुलगी जन्माला येते, आणि लोकांना भविष्याची धास्ती वाटते. शेजारच्या गल्लीत नको असलेल्या मुली मोजून बाजूला काढल्या जातात, आणि त्यात कोणालाही विज्ञानकथा दिसत नाही. लोक घाबरले नव्हते असं नाही. ते भलत्याच ठिकाणी घाबरले होते.

ज्यांना ठिकाण बरोबर कळलं त्यांनी काम केलं. मुंबईतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या, काही डॉक्टर, विज्ञान चळवळीतली माणसं एकत्र आली, मंच उभा राहिला, आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. कायद्यानंतरचे आकडे मात्र असे आहेत: सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ला ९४६ मुली होत्या, २००१ला ९१३, २०११ला ८९४. कोल्हापूरसारख्या ऊस आणि दुधाच्या सुबत्तेत वाढलेल्या जिल्ह्यात २००१ला हा आकडा ८३९ होता. बीडमध्ये २०११ला ८०७. ‘गॅटाका’ या १९९७च्या चित्रपटात जनुकांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी असते, पण हस्तांदोलन केलेल्या हातावरून, चिकटवलेल्या पाकिटावरून मालक हवी ती माहिती काढून घेतात. तो भाग अनेकांना अतिरंजित वाटतो. ज्या राज्यात पेढा की जिलेबी एवढ्या खुणेवरून अहवाल सांगितले गेले, तिथल्या प्रेक्षकाला तो अतिरंजित का वाटावा?

आता दुसऱ्या प्रतिसादाकडे येतो. ‘हक्स्लींनी तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. १९९७च्या फेब्रुवारीत डॉली मेंढीची बातमी आली तेव्हा ऐकलं, २०१८मध्ये चीनमध्ये जनुकात फेरफार केलेल्या जुळ्या मुलींच्या वेळी ऐकलं. भविष्यवेत्ता म्हणून लेखकाला मान देण्यात आदर आहे असं आपण समजतो. मला त्यात वाचनाची टाळाटाळ दिसते.

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ची आहे. डीएनएची रचना कळली १९५३मध्ये. म्हणजे जनुकीय फेरफाराची म्हणून जी कादंबरी आपण नेहमी पुढे करतो तिच्यात जनुकीय फेरफार नाहीच. बाटल्यांत गर्भ वाढतात, एका अंड्यापासून शहाण्णवपर्यंत सारखी माणसं काढता येतात, खालच्या दर्जाच्या गर्भांना प्राणवायू कमी देतात. यापलीकडे सगळं संस्कारांचं काम आहे. डेल्टा वर्गातल्या बाळांसमोर पुस्तकं आणि फुलं ठेवतात, ती रांगत जवळ आली की भोंगे वाजवतात आणि विजेचा झटका देतात. पुन्हा कधी ती पुस्तकाला हात लावणार नाहीत. रात्री झोपेत त्यांच्या कानाशी वाक्यं पुटपुटली जातात, आपण ज्या वर्गात जन्मलो तोच कसा बरा आहे हे सांगणारी. बाटली काढून टाका, तरी ही व्यवस्था उभी राहते. खालच्या जातीत जन्मलेल्या पोराच्या हातून पाटी काढून घेण्यासाठी आपल्या देशाला हजारो वर्षं कोणत्याही बाटलीची गरज पडली नव्हती. भारतीय वाचकाने या प्रसंगापाशी थांबून, पुस्तक बाजूला ठेवून, आपल्या आजूबाजूला बघायला हवं. तो बघतो ते उद्याकडे.

हक्स्ली उद्याबद्दल लिहीत होते असं मानणं हेही इतिहासाला सोडून आहे. माणसांची पैदास निवडून करण्याची कल्पना त्यांच्या काळात राजरोस, प्रतिष्ठित आणि कायदेशीर होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९२७मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांवर शिक्का मारला, आणि त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांच्या नसबंद्या झाल्या. जर्मनीचा कायदा कादंबरीच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९३३मध्ये आला. त्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. ऑल्डस यांचे सख्खे भाऊ, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली, पुढे ब्रिटनच्या सुप्रजनन संस्थेचे अध्यक्ष झाले. खुद्द ऑल्डस हक्स्लींचं मनही तेव्हा या विचारांपासून मोकळं नव्हतं. आणि आपण दूरचे प्रेक्षक होतो असंही नाही. १९२७मध्ये ना. सी. फडके यांनी ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, भारतात सुप्रजननाची चळवळ उभी करावी असा आग्रह धरण्यासाठी. मराठी प्रेमकथांच्या या लाडक्या लेखकाचं हे पुस्तक आज कोणी काढून वाचत नाही. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ मात्र वाचतात, आणि पाश्चात्त्यांच्या विज्ञानाने माणूस कुठे नेऊन ठेवला म्हणून हळहळतात.

त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये होत्या. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्या डॉक्टरेट करत होत्या. हे फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवणाऱ्यांत होते. कवट्यांच्या दोन बाजूंतला असमतोल मोजायचं काम इरावतीबाईंकडे आलं. युरोपीय कवटीत तो जास्त, म्हणून युरोपीय बुद्धी श्रेष्ठ, असं गृहीतक होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार असा फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून टाकलं. परक्या देशात, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच मताविरुद्ध. मराठी वाचकाला जनुकांच्या नावाखाली चालणाऱ्या अन्यायाची गोष्ट हवी असेल तर ती १९३२च्याही आधीची, खऱ्या पत्त्यावर घडलेली आणि आपल्या माणसाची आहे.

मग वाचकांनी भविष्यकथा वाचूच नयेत का? असं मी म्हणत नाही. नीट वाचाव्यात असं म्हणतो. ‘नेव्हर लेट मी गो’च्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. तो चर्चांमध्ये जवळपास कधीच येत नाही, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच आहे.

कॅथी आणि टॉमी मुदतवाढ मागायला जातात तेव्हा हेलशॅमच्या जुन्या मुख्याध्यापिका मिस एमिली त्यांना शाळा का बंद पडली ते सांगतात. हेलशॅम ही सुधारकांनी चालवलेली शाळा होती. क्लोनना निदान बालपण तरी माणसासारखं मिळावं म्हणून देणगीदार गाठायचे, मुलांची चित्रं जमवायची, प्रदर्शनं भरवायची आणि यांनाही आत्मा आहे हे लोकांना दाखवायचं. मग मॉर्निंगडेल प्रकरण झालं. स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या भागात मॉर्निंगडेल नावाचा शास्त्रज्ञ बेकायदा संशोधन करत होता: लोकांना हवी तशी, अधिक बुद्धिमान, अधिक बळकट मुलं मिळवून देण्याचं. ते उघडकीला आलं आणि थांबवलं गेलं. पण लोक हादरले. प्रयोगशाळेतली श्रेष्ठ मुलं उद्या आपल्या मुलांची जागा घेतील या भीतीने क्लोन या विषयापासूनच सगळे दूर झाले. देणग्या आटल्या, हेलशॅम बंद झाली. अवयव काढणं मात्र चालूच राहिलं, कारण कर्करोग बरा होण्याची सवय लागलेल्या देशाला मागे जायचं नव्हतं.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जनुकीय फेरफाराला घाबरणारा वाचक इशिगुरोंनी कादंबरीच्या आतच उभा केला आहे. तो सुसंस्कृत आहे, नीतिमान आहे, ‘डिझायनर’ मुलांच्या कल्पनेनेच त्याच्या अंगावर काटा येतो. त्याच्या त्या भीतीने एकाही क्लोनचं मूत्रपिंड वाचत नाही. उलट जी थोडी माणुसकी शिल्लक होती तिचं दार बंद होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मनाला मात्र आपण योग्य बाजूला उभे आहोत असं वाटत राहतं. म्हणून मुलं पळाली का नाहीत यापेक्षा मॉर्निंगडेलवर संतापलेल्या त्या भल्या इंग्रजांनी अवयव घेणं का थांबवलं नाही, हे विचारायला हवं. तो प्रश्न वाचक विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे बोट दाखवतं.

चीनमधल्या २०१८च्या प्रकरणात अगदी हेच झालं. हे ज्यानक्वे नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांच्या एका जनुकात फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. त्याने केलं ते अत्यंत बेजबाबदार होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड झाला, तोही योग्यच. पण त्या जोडप्याने संमती का दिली? नवरा एचआयव्हीबाधित होता. शुक्राणू धुऊन घेण्याच्या साध्या, रुळलेल्या पद्धतीने बाळाला संसर्ग टाळता येत होता. अडचण अशी की एचआयव्हीबाधितांना चीनमध्ये कृत्रिम गर्भधारणेचे उपचार मिळत नव्हते. दार बंद असलेल्या माणसांना एकाने आपलं दार उघडून दाखवलं, आणि ती आत गेली. जगभर लेख आले ते माणसाने ईश्वराचा अधिकार हाती घेतल्याचे. रुग्णाला उपचार नाकारणारा नियम त्यातल्या किती लेखांचा मथळा झाला? त्या मुलींच्या जनुकांइतकीच ती बंद दारंही या गुन्ह्याचा भाग होती.

आता वैज्ञानिक मित्रांच्या रागाबद्दल. अशा कादंबऱ्या लोकांना घाबरवतात, संशोधनाला खीळ घालतात, रुग्णांचं नुकसान करतात, असं ते म्हणतात. उदाहरण देतात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं, आणि ते खरोखर मोठं उदाहरण आहे. क्रिस्पर तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी दुरुस्त करून त्या परत देण्याच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३मध्ये मान्यता दिली. हाडं पिळवटून टाकणाऱ्या वेदनांतून माणसं त्यामुळे बाहेर पडली आहेत. मला या उपचाराबद्दल निखळ आनंद आहे. या दुरुस्त्या रुग्णाबरोबर संपतात, त्याच्या संततीत जात नाहीत; त्यांच्यात आणि भ्रूणातल्या फेरफारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो न समजता सगळ्याला एकच नाव ठेवणाऱ्या वाचकांवर शास्त्रज्ञ रागावले तर त्यांचं बरोबर आहे.

पण या उपचाराची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर आहे. नंदुरबारच्या, मेळघाटच्या, गडचिरोलीच्या ज्या मुलांना हा आजार आहे त्यांच्या आणि या उपचाराच्या मधे हक्स्ली उभे नाहीत, इशिगुरो नाहीत, कोणतीही कादंबरी नाही. मधे ती किंमत उभी आहे. त्यांच्यापर्यंत हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या गोळ्या तरी दर महिन्याला न चुकता पोचतात का, हे आधी विचारावं लागतं. मार्गारेट अॅटवुड यांच्या ‘ओरिक्स अँड क्रेक’मध्ये जनुकं बदललेली डुकरं माणसांसाठी अवयव वाढवतात. २०२२च्या जानेवारीत बाल्टिमोरला डुकराचं हृदय माणसाला बसवलं गेलं तेव्हा वाचकांना ती डुकरं आठवली. त्याच कादंबरीतली भिंत आठवली नाही: आत कंपन्यांच्या सुरक्षित वसाहती, बाहेर बाकीचे सगळे. म्हणजे भाबडे वाचक आणि त्यांच्यावर चिडलेले शास्त्रज्ञ एकाच चुकीत सापडले आहेत. दोघेही तंत्राकडेच बघत आहेत, एक घाबरून आणि दुसरा अभिमानाने.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी माणसांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासलेल्या माणसाला आपली जनुकीय स्थिती सांगणारं कार्ड मिळतं, आणि दोन वाहकांनी आपसात लग्न करण्यातला धोका समजावून सांगितला जातो. माझा या मोहिमेला पाठिंबा आहे. तपासणीवाचून उपचार नाही, आणि आदिवासी भागांतला हा आजार आपण दशकानुदशकं दुर्लक्षिला आहे. मात्र हेलशॅमही चांगल्याच हेतूने काढलेली शाळा होती, म्हणून काही प्रश्न मी विचारणार आहे. आश्रमशाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीची तपासणी झाली तर तिचं कार्ड तिच्यापाशी असतं की शाळेच्या कपाटात? तिला त्यातलं काय, कोणत्या भाषेत आणि कोणासमोर सांगितलं गेलं? सोयरीक जुळवताना आधी कोणाचं कार्ड मागतात, मुलाचं की मुलीचं? मुलगा वाहक निघाला तर तो ते सांगतो का, आणि मुलगी वाहक निघाली तर तिला न सांगण्याची मुभा आहे का? आणि दोघंही वाहक म्हणून लग्न मोडलं, तर त्या मोडलेल्या लग्नाचा दोष पुढची दहा वर्षं गावात कोणाच्या नावावर राहतो?